जुनी ट्विन-टब वॉशिंग मशीन परत चालू करायचीय? आधी रबर बघा, मोटर नंतर

आत्याच्या चिपळूणच्या घरी पडवीत एक दोन टबवाली वॉशिंग मशीन होती, पत्र्याच्या बॉडीची, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घेतलेली. जुलै २०२१ च्या पुरात ती अर्ध्याच्या वर चिखलात बुडाली, आणि नंतर भंगारवाला किलोच्या भावाने मागायला लागला तेव्हा मी ती टेम्पोत टाकून पुण्याला आणली. तिच्यावरच सगळं शिकलो. त्यानंतर नातेवाईक, शेजारी, मित्र यांच्या मिळून सात-आठ मशिनी उघडून झाल्या, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली, की या जुन्या मशिनींची मोटर सहसा आपणहून जळत नाही, तिच्यावर वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी पडतं म्हणून जळते, आणि ते पाणी पडतं एका छोट्याशा रबराच्या सीलमुळे जे वेळेवर कुणी बदललेलं नसतं. लोक नवीन मोटर टाकतात, सील तेच ठेवतात, सहा महिन्यांत परत तेच, मग मशीन भंगारात. म्हणून या लेखात क्रम तसाच ठेवलाय: पाणी कुठून गळतं ते आधी, करंट नंतर, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

हे सगळं सेमी-ऑटोमॅटिक ट्विन-टबसाठी आहे, म्हणजे एका बाजूला धुवायचा टब आणि एका बाजूला ड्रायर. आपल्याकडे ८०-९० च्या काळात घराघरात आली ती हीच. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन, टीव्हीएस व्हर्लपूल, बीपीएल, आणि कोकणात तर आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसांनी बरोबर आणलेल्या जपानी मशिनी. तळाला फिरणारी चकती म्हणजे पल्सेटर, ही पद्धत जपानी मशिनींमुळे रूढ झाली आणि आत फारसं काही बदललं नाही, त्यामुळे एक मशीन समजली की बाकीच्या समजतात.

मशीन निवडताना

सगळ्याच मशिनी वाचवण्यासारख्या नसतात. धुवायचा टब तळाशी पल्सेटरच्या बसण्याच्या जागेवर तडकला असेल तर सोडून द्या, तो जोड टिकत नाही. खालचा बेस चारी कोपऱ्यात सडलाय आणि पत्रा हाताने तुटतोय, तरी सोडून द्या. बाकी काहीही चालेल, मोटर जाम असली तरी चालेल. पार्ट्सची काळजी फार करू नका, व्हिडिओकॉनची २०१८ पासून दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली तरी तिचे सील, बेल्ट, टायमर, ब्रेक वायर डुप्लिकेटमध्ये अजून बऱ्याच दुकानात मिळतात. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, आणि गावाकडे मोटर रिवायंडिंगवाल्याच्या शेजारी एखादं स्पेअरचं दुकान असतंच. नियम एकच, जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं मॉडेलचं नाव सांगून आणलेलं सील मला तीनदा चुकीचं मिळालंय.

आखातातून आलेली मशीन असेल तर मागची नेमप्लेट आधी वाचा. तिथे व्होल्टेज आणि हर्ट्झ दिलेले असतात. बहुतेक २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतात, त्या बिनधास्त चालतात. पण सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे आणि पूर्वी तिथल्या घरांत १२७ व्होल्टसुद्धा असायचे. १२७ ची मशीन आपल्या २३० वर लावली तर ती जळणारच. नुसती ६० हर्ट्झची असेल तर आपल्या ५० वर ती साधारण एक षष्ठांश हळू फिरते आणि मोटर जास्त तापते, त्या मोटरवर विश्वास ठेवू नका, इथली मोटर बसवा.

प्लग लावायच्या आधी

घरी आणली की लगेच प्लग लावून बघायचा मोह होतो, तो आवरायचा. सगळ्यात जास्त नुकसान याच एका मिनिटात होतं. आतली वायर उंदराने खाल्लेली असू शकते (खालचा ट्रे निघालेला असेल तर हमखास), मोटर ओली असू शकते, बॉडीला करंट असू शकतो.

मागचं झाकण काढा. स्क्रू गंजलेले असतील तर डब्ल्यूडी-४० मारून अर्धा तास थांबा, मग बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर जोरात दाबून फिरवा, लहान स्क्रू ड्रायव्हरने डोकं खराब केलंत तर ड्रिल करण्यात दुपार जाते. झाकण निघालं की काहीही हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, प्रत्येक वायरचा रंग आणि ती कुठे जाते ते दिसलं पाहिजे. वायरींच्या रंगांना कंपनी-कंपनीत मेळ नाही, त्यामुळे नंतर फोटोशिवाय कुणी वाचवत नाही.

मग कपॅसिटर, ज्याला दुकानात कंडेन्सर म्हणतात. मशीन बरेच दिवस बंद असली तरी त्यात चार्ज आहे असंच धरून चाला. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढायची पद्धत वाईट, एका होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना काचेचा बल्ब लावा आणि त्याच्या दोन वायरी कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवा. सत्तरच्या दशकातली इम्पोर्टेड मशीन असेल आणि पत्र्याच्या डब्यातला तेलकट कपॅसिटर गळत असेल तर हाताने शिवू नका, त्या काळच्या काही कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असायचं. हातमोजे घालून काढा, दोन पिशव्यांत बंद करा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आता टॉर्च घेऊन दोन्ही मोटरींच्या डोक्यावर बघा. पांढरट साबणाचे ओघळ, गंजाची उभी रेघ, किंवा काळी रबराची पूड. ओघळ कुठल्या मोटरवर आहे त्यावरून कुठलं सील गेलंय ते कळतं. आत्याच्या मशीनमध्ये चिखल खरवडल्यावर ड्रायरच्या मोटरवर अगदी मधोमध शाफ्टच्या भोवती गंजाचा एक गोल डाग होता, जुन्या पाच रुपयाच्या नाण्याएवढा, आणि तो पुराच्या कितीतरी आधीचा होता हे त्याच्या थरांवरून दिसत होतं. म्हणजे पूर आला नसता तरी ती मोटर जाणारच होती.

पुरात बुडालेल्या मशीनचं थोडं वेगळं सांगतो. मोटर बाहेर काढून उघडायची, चिखल वाळायच्या आत मिळाली तर उत्तम, स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने वायंडिंगमधला (आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांमधला) गाळ धुवायचा, हो पाण्यानेच, गाळ आत वाळला तर तो ओल धरून ठेवतो. मग उन्हात आठवडाभर. पावसाळा असेल तर खोक्यात १०० वॅटच्या बल्बशेजारी दोन-तीन दिवस. मग रिवायंडिंगवाल्याकडून नवीन व्हार्निश मारून भट्टीत सुकवून घ्यायचं. बेअरिंग मात्र बदलायचीच, त्यांच्यावर नंबर कोरलेला असतो तोच आणायचा.

मीटर लावून बघणं

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, फक्त कपॅसिटर मोजायची सोय असलेला घ्या. पहिलं, प्लगची अर्थ पिन ते पत्र्याची बॉडी, रीडिंग जवळजवळ शून्य हवं. जुन्या मशिनींत अर्थिंगची वायर गंजून तुटलेली असते किंवा कुणीतरी दोन पिनचा प्लग लावलेला असतो, तसं असेल तर मेन वायरच बदला, तीन कोअरची १ स्क्वेअर एमएमची तांब्याची.

दुसरं, मोटर. धुण्याच्या मोटरला तीन वायरी येतात. ही मोटर दोन्ही दिशांना फिरायची असते म्हणून तिची दोन्ही वायंडिंग सारखीच गुंडाळलेली असतात आणि टायमर कपॅसिटर या बाजूचा त्या बाजूला करून दिशा उलटवतो. त्यामुळे कॉमन वायर ते बाकीच्या दोन, हे दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत आणि त्या दोन टोकांमधला आकडा दोघांच्या बेरजेएवढा. माझ्या मशीनला २४, २४ आणि ४८ ओहम आले, तुमचे वेगळे येतील, आकडा महत्त्वाचा नाही, सारखेपणा महत्त्वाचा. एक २४ आणि एक १७ आला तर वायंडिंगमध्ये शॉर्ट आहे. ड्रायरची मोटर एकाच दिशेला फिरते, तिथे दोन आकडे वेगळे येणारच, मोठा आकडा बाकी दोघांची बेरीज असला की झालं.

तिसरं, आणि हे मल्टिमीटरने नीट होत नाही, वायंडिंग ते बॉडी इन्सुलेशन. त्यासाठी मेगर लागतो, ५०० व्होल्टचा. रिवायंडिंगवाल्याकडे असतो, मोटर घेऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे. २ मेगाओहमच्या खाली असेल तर अजून सुकवा, सुकवूनही वर येत नसेल तर रिवायंडिंग. पाण्यात हात घालून वापरायचं यंत्र आहे, इथे चालढकल करायची नाही.

चौथं, कपॅसिटर. अंगावर लिहिलेलं असतं, धुण्याच्या बाजूला साधारण ८ ते १२ एमएफडी (मायक्रोफॅरड), ड्रायरला त्याहून कमी, ४-५ वगैरे. लिहिलेल्यापेक्षा दहा टक्के खाली आला असेल तर बदला. मोटर गुंगूं करते पण फिरत नाही, हाताने ढकललं की फिरते, अशी तक्रार असेल तर दहापैकी आठ वेळा हाच असतो, आणि मेकॅनिकने मोटर गेली म्हणून सांगितलेलं असतं.

धुण्याची बाजू

मधला स्टीलचा स्क्रू काढला की पल्सेटर वर उचलून येतो, असं पुस्तकात असतं. खरं म्हणजे वीस-तीस वर्षांचा साबण आणि क्षार त्याला शाफ्टला चिकटवून ठेवतात. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, टब तडकेल आणि टब तडकला की सगळंच संपलं. टबमध्ये चार बोटं गरम पाणी घाला, त्यात मूठभर लिंबूसत्व, रात्रभर ठेवा. सकाळी पाणी काढून दोन मजबूत नाड्या पल्सेटरच्या कडेखालून समोरासमोर सरकवा आणि दोन्ही हातांनी सरळ वर ओढा, एका अंगाला नाही. आला नाही तर परत एक रात्र. चिपळूणची मशीन तीन रात्री घेऊन सुटली, खाली केसांचा गोळा, दोन टिचबटणं, एक सेफ्टी पिन आणि गेंडा असलेलं २५ पैशाचं स्टीलचं नाणं, म्हणजे हा पल्सेटर कितीतरी वर्षं निघालेलाच नव्हता.

मशीन आडवी करताना खाली गोधडी घाला. बेल्ट काढा, मोठ्या पुलीचा बोल्ट खोला, मग बुशची, म्हणजे शाफ्ट ज्या नळीत फिरतो तिची, हाउसिंग (नंतरच्या मशिनींत गिअरबॉक्स) चार बोल्टवर निघते. तिच्या वरच्या तोंडाला ते सील. जुनं सील बोटाने दाबून बघा, मऊ रबर असायला हवं ते कडक खडखडीत झालेलं असतं आणि आतल्या ओठाची बारीक गोल स्प्रिंग गंजून तुटलेली असते. आता शाफ्टवर, जिथे तो ओठ टेकायचा, तिथे नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टला चर पडलीय. ही परीक्षा फार महत्त्वाची, कारण चर पडलेल्या शाफ्टवर नवीन सील टाकलं तर ते पहिल्या दिवसापासून गळतं आणि माणूस सीलला दोष देतो. नुसती रेघ दिसतेय पण नख अडकत नाही, तर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून गोल फिरवा. नख अडकतंय तर शाफ्ट-बुश-हाउसिंग अख्खी जोडी मिळते ती घ्या.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू पाण्याकडे, म्हणजे वर. उलटं बसवलेलं सील मी दुसऱ्यांच्या मशिनींत दोनदा बघितलंय. हातोडीने एका कडेला ठोकू नका, सीलच्या बाहेरच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा वर ठेवून हळूहळू सरळ आत ढकला, ओठाला थोडं सिलिकॉन ग्रीस. खालच्या पितळी रंगाच्या बुशला मात्र ग्रीस भरू नका, त्या बुशला बारीक छिद्रं असतात, त्यातून तेल झिरपतं आणि ग्रीसने ती बुजतात. बुश निघत असेल तर कोमट एसएई ३० तेलात रात्रभर बुडवून ठेवा, भोवतीचा फेल्ट वॉशरही त्यातच.

आता सगळं परत जोडायच्या आधी एक काम करा जे कुणीच करत नाही. नुसती हाउसिंग टबला बसवा, मोटर आणि बेल्ट बाहेरच ठेवा, टब पाण्याने काठोकाठ भरा आणि खाली कोरडा पेपर अंथरून रात्रभर सोडून द्या. सकाळी पेपरवर एक थेंबाचा डाग असला तरी परत खोला. मोटर बसवल्यावर खोलण्यापेक्षा आत्ता खोलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

बेल्टवर नंबर असतो, तोच आणा. ताण किती, तर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर एक सेंटिमीटरभर आत गेला पाहिजे. मोटरचे बोल्ट लांबट खाचेत असतात, तिथे सरकवून ताण बसतो. एका शेजाऱ्यांच्या मशीनला मी बेल्ट तारेसारखा ताणून बसवला होता, घसरू नये म्हणून, चार महिन्यांत बुश एका अंगाने झिजला आणि किंचाळायला लागला, बुश आणि सील दोन्ही परत बदलावी लागली.

ड्रेनचं थोडक्यात: नॉब फिरवला की एक पट्टी किंवा वायर खालचा रबरी व्हॉल्व्ह वर उचलते, सोडला की स्प्रिंगने खाली बसतो. मशीन पाणी धरत नसेल तर व्हॉल्व्हखाली कपड्यांचा कचरा किंवा बटण अडकलेलं असतं. चेंबरचं झाकण फिरवून काढा, साफ करा, रबर चिरलं असेल तर बदला.

ड्रायरची बाजू

इथे वेळ द्या. ड्रायरची टोपली मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे मारते, त्यामुळे इथली चूक महागात पडते.

टोपली खालून मोटरच्या शाफ्टला एका कपलिंगने जोडलेली असते, आणि तेच कपलिंग ब्रेकचा ड्रमही असतं. मागून हात घातला की त्याच्या अंगावर दोन बोल्ट दिसतात, वर चेक नट, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आवळलेला नट. ते सैल करून टोपली वरून सरळ उचलायची. गंजाने धरली असेल तर तेल मारून थांबा. टोपली निघाली की टबच्या तळाशी भात्यासारखं घडीचं रबर दिसेल, मधे बुश. सगळ्या ट्विन-टबमधला सगळ्यात दुर्लक्षित पार्ट हाच. ते हातात घेऊन घड्या फाकवून उजेडात धरा, चिरा घडीच्या आत असतात, वरून रबर ठणठणीत दिसतं. चिपळूणच्या मशीनचं मी धुतलं, पुसलं, चांगलं वाटलं, आणि मग खिडकीत धरल्यावर घडीच्या खोबणीत केसाएवढी चीर अर्ध्या गोलात दिसली. त्याच चिरेतून कपड्यांचं पिळलेलं पाणी बरोबर मोटरच्या शाफ्टवर उतरत होतं, तो गंजाचा डाग तिथला. मशीन दहा वर्षांच्या वरची असेल तर हे रबर बघत बसू नका, सरळ नवीन टाका.

मोटर तीन स्प्रिंगांवर उभी असते, आत रबर. टोपली सुरू होताना धाडधाड आपटत असेल तर त्यातली एक बसलेली असते. बदलताना तिन्ही एकदम बदला, एक नवी दोन जुन्या असं केलं तर मोटर तिरकी उभी राहते.

परत जोडताना कपलिंगच्या बोल्टची टोकं शाफ्टवरच्या खळग्यात बरोबर बसली पाहिजेत. हाताने टोपली थोडी थोडी फिरवत बोल्ट आवळा, खळगा सापडला की बोल्ट एकदम आत जातो ते बोटाला कळतं, मग चेक नट. हे सैल राहिलं तर टोपली भर वेगात शाफ्टवरून सुटू शकते.

ब्रेक असा चालतो: झाकण बंद असताना वायर ब्रेक शूला ओढून ड्रमपासून लांब धरते, झाकण उघडलं की वायर ढिली आणि स्प्रिंग शूला ड्रमवर दाबते. झाकण बंद करून टोपली हाताने फिरवा, मोकळी फिरली पाहिजे, शू आणि ड्रममध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट. शू घासत असेल तर जळक्या रबराचा वास येतो, ड्रायर वेग घेत नाही आणि मोटर तापते, कितीतरी लोकांनी यासाठी मोटरी बदलल्यात आणि खरं काम वायरचं हूक एक घर पुढे घ्यायचं होतं. उलट झाकण उघडल्यावर टोपली १०-१५ सेकंदांत पूर्ण थांबली पाहिजे.

झाकणाखालचा स्विच खराब असेल तर तो बदला. कित्येक मशिनींत दोन वायरी एकत्र पिळून टेप मारलेली सापडते, म्हणजे झाकण उघडं असताना ड्रायर फिरतो. फिरत्या टोपलीत ओल्या कपड्याचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं तर ती हात ओढून घेते, आणि घरात लहान मुलं असतात. अशी मशीन मी स्विच बसवल्याशिवाय कुणाला परत दिलेली नाही, कितीही घाई असली तरी.

टायमर

धुण्याचा टायमर पंधरा मिनिटांचा, ड्रायरचा पाच, दोन्ही घड्याळासारखे चावीवर चालतात, वीज त्यांना लागत नाही. म्हणजे प्लग काढलेला असतानाच टिकटिक ऐकून ते चालू आहेत की नाही कळतं. टिकटिक आहे पण मोटर एकाच दिशेला फिरते, तर आतला एक कॉन्टॅक्ट जळलेला. रिव्हेट मारलेला टायमर उघडून मी एकदा साफ करून चालवला होता, जेमतेम दोन महिने टिकला, तेव्हापासून बदलतोच. नवीन घेताना वायरींची संख्या आणि नॉबच्या दांड्याचा आकार जुळवा.

पॅनेलच्या खाली पाणी जाऊ नये म्हणून जे पातळ गॅस्केट किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो तो फेकू नका, फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक कापून तसाच बनवा. ओल्या हाताने नॉब फिरवणारी मशीन आहे.

गंज, पिवळेपणा आणि रंग

कोकणातल्या आणि मुंबईच्या मशिनींना खालच्या कडेला गंज असतोच, खारी हवा. तारेच्या ब्रशने सैल गंज काढा, मग पॉलिश पेपर ८०, १२०, २२० असं चढत जा, पत्रा चमकेपर्यंत. खोलवरचा काळा गंज निघत नसेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळू द्या. मग रेड ऑक्साइड नाहीतर इपॉक्सी प्रायमर, त्यावर ४०० चा हलका हात, मग रंगाचे तीन पातळ थर. जाड एक थर मारला तर ओघळ येतात. पावसाळ्यात रंगकाम करू नका, दमट हवेत रंगाला पांढरट छटा धरते. खालच्या कडेच्या आतल्या बाजूला प्रायमर जास्त द्या, दिसत नाही पण गंज तिथूनच परत येतो.

पॅनेलवरची कंपनीची अक्षरं जपा. थिनर, नेलपेंट रिमूव्हर, काहीही लावलं की छपाई जाते आणि ती परत कुठेच मिळत नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस. पिवळं पडलेलं पांढरं प्लॅस्टिक बहुतेक एबीएस असतं, त्याला केस रंगवायला वापरतात ती १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून, वर क्लिंग फिल्म गुंडाळून उन्हात ठेवलं तर पुष्कळ फरक पडतो. हातमोजे, चष्मा पाहिजेच. छापलेल्या अक्षरांवर क्रीम नको. मे महिन्याच्या भर दुपारचं ऊन नको, प्लॅस्टिक तापलं आणि क्रीम वाळली की ढगासारखे पांढरे डाग पडतात जे जात नाहीत, हिवाळ्यातलं सकाळचं ऊन चांगलं, दर अर्ध्या तासाने क्रीम फिरवायची.

तडकलेल्या पॅनेलला एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट छान धरते. टब आणि बेस मात्र बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे, त्यांना ॲसिटोन काहीच करत नाही आणि साधा फेविक्विकही धरत नाही, तिथे सोल्डरिंग आयर्नने स्टीलची जाळी आत वितळवून जोड द्यावा लागतो, आणि तोही फक्त पाण्याचा दाब नसलेल्या जागी.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे फेजमध्ये १०० वॅटचा काचेचा बल्ब, एलईडी चालत नाही. दोन्ही टायमर बंद ठेवून प्लग लावा. बल्ब अंधारात राहिला पाहिजे. पेटला तर वायरिंगमध्ये कुठेतरी चूक आहे, फोटो उघडा. मग टायमर चालू करा, आता बल्ब पेटणारच आणि मोटर फार तर कुथेल, ते बरोबर आहे, घाबरू नका. त्यानंतर सरळ लाइनवर, पण आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डवर, ३० मिलिॲम्पचा. घरात नसेल तर मशीनच्या पॉइंटपुरता तरी बसवून घ्या.

पहिल्यांदा नुसत्या पाण्यावर पूर्ण पंधरा मिनिटं. दोन्ही दिशा, मधला थांबा, बेल्टचा आवाज, खाली थेंब, सगळं बघा. प्लग काढून मोटरला हात लावा, गरम असेल, पण हात टेकवून ठेवता आला पाहिजे. मग दोन किलो कपडे. ड्रायरला पहिल्यांदा दोन ओले टॉवेल, गोलाकार सारखे पसरून, वर ती जाळीची चकती दाबून. एका अंगाला कपडे ठेवलेत तर उत्तम दुरुस्त केलेली मशीनही नाचते. टोपली फिरताना मागून टॉर्च मारून भात्याच्या रबराखाली बघा, कोरडं हवं. हीच तपासणी महिन्याने एकदा आणि मग दर पावसाळ्याच्या आधी.

वापर झाल्यावर दोन्ही झाकणं तासभर उघडी ठेवा, प्लग काढून. बंद टबात दमट हवा कोंडते आणि शाफ्टला गंज धरतो. काही महिने मशीन वापरणार नसाल तर पंधरा दिवसांनी एकदा पल्सेटर हाताने दोन फेरे फिरवा, नाहीतर सील शाफ्टला चिकटतं आणि पहिल्याच दिवशी ओठ फाटतो.

शेवटचं काम, मागचं झाकण लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: कुठलं सील कधी बदललं, बेल्टचा नंबर, दोन्ही कपॅसिटरचे एमएफडी. चिपळूणच्या मशीनमध्ये चिखल पुसल्यावर पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं सापडलं होतं, 'सील ९७'. कोण मेकॅनिक होता ते आत्यालाही आठवत नाही. त्याच्या खाली मी माझं कोरलंय, 'दोन्ही सील, भाता, ३ स्प्रिंग, २२'.